छोट्या सॉल्टवॉटर (खाऱ्या पाण्याच्या) फिश टँकचा लाईट बदलायचाय? गोव्याच्या हवेत हे असं करा

नवीन लाईट ऑर्डर करायच्या आधी जुना पुसून बघा, खरंच सांगतो. आपल्याकडे खिडकीतून खारी हवा येतच असते, त्यात टँकमधले बुडबुडे फुटून बारीक शिंतोडे उडतात, ते लाईटच्या काचेवर सुकतात आणि पांढरट खरखरीत थर चढत जातो, रोज बघत असल्यामुळे आपल्या ते लक्षातच येत नाही. प्लग काढा, लाईट गार होऊ द्या, आरओच्या पाण्यात मऊ कपडा भिजवून पुसा, थर निघतच नसेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. काचा पुसायचा स्प्रे मारू नका, बऱ्याच स्प्रेमधे अमोनिया असतो, ॲक्रिलिकचं कव्हर त्याने तडकतं आणि तो टँकच्या पाण्यात गेला तर माशांना वाईट. पुसल्यावर आठवडाभर थांबा, कधीकधी तेवढ्यानेच फरक दिसतो.

तरीही प्रकाश कमी वाटतोय? मग आता टँकमधे काय आहे ते बघा. नुसते क्लाउनफिश, डॅमसेल आणि खडक असतील तर लाईट बदलायची गरज नाही, माशांना साधा लाईट चालतो, ते पैसे पंपात किंवा चांगल्या मिठात घाला. लाईट लागतो तो कोरलला (प्रवाळ) आणि ॲनेमोनीला (समुद्रफूल), कारण त्यांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते प्रकाशावर अन्न तयार करून त्यातलं बरंचसं त्या कोरललाच देतं. म्हणजे तुम्ही लाईट लावता तेव्हा एका अर्थाने जेवणच वाढत असता.

कोरलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, ग्रँड आयलंडला (गोव्याजवळचं बेट) डाईव्हिंगला गेलात किंवा मालवणला गेलात तरी तुटून पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. इथलं कोरल आधीच गढूळ पाणी, गाळ आणि तापलेला समुद्र सोसत जगतंय, त्यावर आपला शौक नको. लहान टँकला झोआ, मश्रूम, लेदर हे सॉफ्टवाले (मऊ, दगडी सांगाडा नसलेले कोरल) भरपूर झाले, तेही दुसऱ्या कोणाच्या टँकमधे वाढलेले घ्या. पुढचं सगळं ह्याच जनावरांना धरून लिहितोय.

किती प्रकाश हवा

वॅट बघून लाईट घेऊ नका. लिटरला इतके वॅट हा ट्यूबलाईटच्या काळातला हिशोब, एलईडीला तो लागू होत नाही. बघायचं ते पार, म्हणजे झाडाच्या किंवा शेवाळाच्या कामाचा प्रकाश, तो मायक्रोमोलमधे मोजतात. मश्रूमला साधारण ५० ते १०० पुरतो, झोआ आणि लेदरला ७५ ते १५०. भर दुपारच्या उन्हात पाण्याच्या वर हाच आकडा २००० च्या आसपास जातो, त्यावरून अंदाज घ्या की आपल्याला किती थोडा प्रकाश हवाय. ४५ × ३० × ३० सेंमीचा टँक म्हणजे जेमतेम ४० लिटर, त्याला ३० ते ५० वॅटचा डिम होणारा रीफ एलईडी (कोरलसाठीचा लाईट) भरपूर आहे. दुकानदार १०० वॅटचा दाखवेल, मोठा घेतला तर पुढे कामाला येईल म्हणेल, पण लहान टँकमधे कमी प्रकाशापेक्षा जास्त प्रकाशाने लवकर नुकसान होतं.

घेताना तीन गोष्टी विचारा. निळा आणि पांढरा चॅनेल (त्या-त्या रंगाच्या दिव्यांचा गट) वेगवेगळा कमीजास्त करता येतो का, लेन्सचा कोन किती आहे आणि बिघडला तर ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) सुटा मिळतो का. निळा का, तर समुद्राचं पाणी लाल रंग वरच्या काही मीटरमधेच गिळून टाकतं, खाली पोचतो तो मुख्यतः निळा, आणि झूझँथेली ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात छान काम करते. लाल-हिरवा चॅनेल असला तर अगदी कमी ठेवा, तो आपल्या डोळ्यांसाठी असतो. लेन्स ९०-१२० अंशाची बरी, अरुंद लेन्सने मधोमध झोत पडतो, तिथलं कोरल भाजतं आणि कोपरे अंधारातच राहतात.

पार मीटर महाग असतो, एका टँकसाठी विकत घेण्यात अर्थ नाही, कोणाकडे असला तर एका संध्याकाळपुरता मागून आणा. मोबाईलचं लक्स ॲप निळा प्रकाश नीट मोजत नाही, त्यामुळे त्याच्या आकड्यावर विसंबू नका, पण एकाच लाईटखाली कुठली जागा जास्त उजेडाची आणि कुठली कमी हे बघायला ते चालतं.

बसवणं आणि वायरिंग

पाण्यापासून लाईट २० ते २५ सेंमी वर ठेवा, म्हणजे पसरतोही बरा आणि शिंतोडेही कमी उडतात. काचेला क्लॅम्प लावणार असाल तर काच किती जाड आहे ते बघा, ५ मिमीच्या बिनकडांच्या काचेवर जड लाईट नको. स्लॅबचं घर असेल तर अँकर फास्टनर मारून वरून टांगा. कौलारू घर असेल तर वाशाला टांगता येतो, पण पावसात तिथून गळतं का हे आधी बघून घ्या, कारण थेंब सरळ लाईटवर पडणार. वायर, हुक, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, ३०४ वालेसुद्धा खाऱ्या हवेत गंजतात आणि तो गंज खाली टँकमधेच पडतो.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नका. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं आणि आपण त्याच पाण्यात हात घालतो. टँकच्या लाईनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन लगेच तोडणारा स्विच) हवाच, नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवून आधी तो बसवून घ्या आणि मगच लाईटचा बॉक्स उघडा. वायर सॉकेटमधे जायच्या आधी खाली लोंबती सोडा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळलं तरी तळाशी थेंब पडेल, सॉकेटमधे जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर ठेवू नका, बाजूच्या भिंतीवर उंच लावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, येताना कधी झटका देऊन येते, म्हणून सर्ज प्रोटेक्टर लावा. टायमर बॅटरी बॅकअपवाला घ्या, साधा फिरता टायमर वीज गेली की मागे पडतो आणि चार दिवसांनी तुमचा टँक मध्यरात्री उजळतो. इन्व्हर्टरवर लाईट टाकू नका, ती जागा पंपाची. कोरल एखाद-दोन दिवस अंधारात राहू शकतं, पण पाणी हललं नाही तर लहान टँकमधला ऑक्सिजन काही तासांत खाली येतो.

आता घाई नको

इथेच सगळ्यात जास्त कोरल मरतात. लाईट बसवला, इतका सुंदर दिसला की पूर्ण फुल्ल सोडला आणि आठवड्याभरात मश्रूम पांढरे. अंगणात सावलीत वाढलेली कुंडी मे महिन्यात एकदम उन्हात नेली तर पानं करपतात ना, तसंच हे. प्रकाश एकदम वाढला की ते शेवाळ ऑक्सिजनची घातक रूपं सोडायला लागतं, त्याचा कोरलला त्रास होतो आणि ते शेवाळच बाहेर टाकतं, मग उरतो तो पांढरा सांगाडा किंवा फिकट मांस.

म्हणून सुरुवात २५ टक्क्यांवर, दिवसाला सहा तास. दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, त्याहून जास्त नाही, आणि तास वाढवायचे असतील त्या आठवड्यात टक्के वाढवू नका. ॲपमधे ॲक्लिमेशन मोड (प्रकाश आपोआप हळूहळू वाढवणारा) असेल तर तोच लावा. डिमरच नसेल तर खिडकीला लावतो ती मच्छरांची जाळी कापून तीन-चार पदर टँकवर टाका आणि आठवड्याला एक पदर काढा, मासे उडी मारतात तेही त्याने थांबतं. जाळी लाईटच्या पंख्यावर किंवा झरोक्यांवर येऊ देऊ नका. ५०-६० टक्क्यांवर पोचून सगळं छान असेल तर तिथेच थांबायचं, १०० गाठायलाच हवेत असं काही नाही.

रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून फोटो काढा. फोंड्याच्या एका मित्राच्या टँकमधे कोपऱ्यातले हिरवे झोआ बघितले होते, देठ बोटाएवढे लांब झालेले आणि सगळी तोंडं उजेडाकडे वळलेली, हे कमी प्रकाशाचं लक्षण. उलट झोआ दोन-तीन दिवस उघडतच नाहीत, मश्रूमच्या कडा आत वळतात, रंग फिका पडतो, तर प्रकाश जास्त झालाय, १० टक्के कमी करा आणि दोन आठवडे हात लावू नका. लेदर मात्र मधूनमधून मिटून अंगावरची मेणासारखी साल टाकतं, त्याला घाबरायचं नाही. केसांसारखं हिरवं शेवाळ वाढलं तर लगेच लाईटला दोष देऊ नका, नायट्रेट-फॉस्फेट तपासा, खाणं जास्त होत असतं बऱ्याचदा.

अजून एक, जे फार कमी लोक सांगतात. लाईट वाढवत असताना नवीन ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) टाकू नका. पाण्यातला पिवळसरपणा तो एका रात्रीत काढतो, पाणी काचेसारखं होतं आणि लाईटला हात न लावता खाली जास्त प्रकाश पोचतो.

वेळेचं म्हणाल तर दुपारी ३ ते रात्री ११ हे आपल्याकडे चांगलं जमतं, घरी आल्यावर बघायलाही मिळतं आणि एप्रिल-मेमधे भर दुपारच्या गरमीत लाईटची गरमी भर घालत नाही. पाणी २५ ते २७ अंशांत हवं. पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात, पाणी मात्र उडतं, ते रोज आरओने भरायचं, मिठाच्या पाण्याने नाही. जुलैमधे हवाच इतकी दमट असते की पंख्याचा उपयोग निम्मासुद्धा होत नाही, तेव्हा गरज पडली तर लाईटचे तास कमी करा. बिलाची चिंता करू नका, ५० वॅट आठ तास म्हणजे महिन्याला १२ युनिट.

आणि हे सगळं चवथीच्या तोंडावर सुरू करू नका. आपण मूळ घरी जातो, पाच-सात दिवस टँककडे बघायला कोण नसतं. नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यात बरा, हवा कोरडी, वीज त्यातल्या त्यात स्थिर. जुना लाईट विकू नका, पुसून कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, पावसात नव्याचा ड्रायव्हर गेला तर दुरुस्त होऊन यायला आठवडे लागतात, तेवढे दिवस तोच टँक सांभाळेल.