बीडकडून पोकलेन दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्री पोरांनो

आपल्याकडून कोल्हापूरला बहुतेक जण कोयता घेऊन येतात. मीही 2008 ला आई-बापाबरोबर तसाच आलो, आणि फडाशेजारी बंद पडलेल्या पोकलेनपाशी घुटमळत राहिलो. टोळी गावी परतली, मी नाही.

खोली शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला बघा. हायवे जवळ, साइटवर जायला गाडी मिळते. पण नदीकडची स्वस्त खोली नको. 2019 च्या ऑगस्टात शिरोलीपाशी हायवेच पाण्याखाली होता. तेव्हा बुडालेल्या एका मशिनीपाशी मालक मला म्हणाला, ‘स्टार्टर मारून बघ.’ मी मारला. कनेक्टिंग रॉड वाकला आणि बोलणी मी खाल्ली. आधी डिझेल फवारणारं नोझल काढून सिलिंडरमधलं पाणी काढायचं, सगळी तेलं बदलायची, मगच स्टार्टर.

इथली माणसं ‘ए भावा’ म्हणून खेकसतात. तो राग नसतो, पहिले दोन महिने उगीच मनाला लावून घेऊ नका.

पिन-बुश (सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचं कडं), रॉड, जे लागेल ते शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून मिळतं. नुसता जुना बुश घेऊन जाऊ नका. मी नेला होता. टर्नरनं झिजलेलं भोकच माप धरलं आणि दोन दिवसांत बकेट खडखडायला लागली. नवी पिन सोबत न्या, बुश बसतो त्या घराचं माप स्वतः घ्या. चांगला टर्नर सापडला की त्याला सोडू नका. मुकादम बदलतात, तो राहतो.

हायड्रॉलिकबद्दल, म्हणजे दाबातल्या तेलाबद्दल, एवढं ऐकाच. बूमखाली, म्हणजे मशिनीच्या लांब हाताखाली, जायच्या आधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, मशिनीच्या पद्धतीप्रमाणं लिव्हर हलवून दाब सोडा. चावी स्वतःच्या खिशात, ऑपरेटर कितीही जवळचा असला तरी. होसमधून बारीक धार उडत असेल तर हात फिरवून शोधू नका, लांबून पुठ्ठा धरा. दाबातलं तेल कातडीत घुसतं. टाचणी टोचल्यासारखं वाटतं, फार दुखत नाही, म्हणून पोरगं गप्प बसतं आणि बोट गमावतं. तसं झालं तर त्याच घटकेला सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचा सरकारी दवाखाना, गाठा, आणि तेल घुसलंय हे डॉक्टरला स्वतः सांगा.

पगार ठरवताना उचल कमी घ्या, फिटता फिटत नाही.

आणि जूनला पेरणीसाठी गावी पळू नका. पावसात माती-काम थांबतं, मशिनी उभ्या राहतात, इंजिनं तेव्हाच खोलली जातात. आत काय असतं ते बघायला मिळतं ते त्याच दिवसांत. पेरणी भावाला सांगा.