काल रात्री बिंज झालं? आज नाश्ता सोडू नका

बिंज म्हणजे हातातून सुटलेलं, थांबवताच न येणारं भरमसाट खाणं, आणि त्याचं चक्र ज्याच्या वाट्याला आलंय त्याला ते वेगळं समजावून सांगायची गरज नसते. काही दिवस, कधी काही आठवडे डाएट एकदम कडक चालतं, मग एका संध्याकाळी काहीतरी "नको ते" तोंडात जातं आणि तिथून पुढे थांबताच येत नाही, गोड संपलं की खारट, खारट संपलं की परत गोड, पोट दुखायला लागेपर्यंत, बहुतेक वेळा एकटं असताना आणि उभ्याउभ्याच. मग लाज, मग स्वतःलाच शिव्या, मग शपथ की उद्यापासून पुन्हा स्ट्रिक्ट. आणि उद्या सकाळी नाश्ता बंद.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे चक्र रात्री तुटत नाही, सकाळी तुटतं. सगळे जण बिंज कसं थांबवायचं याच्याच मागे लागतात, पण त्या वेळी, दिवसभराची भूक आणि दिवसभराचा वैताग अंगावर घेऊन तुम्ही फ्रीजसमोर उभे असता तेव्हा, तुमच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता मात्र पूर्ण तुमच्या हातात असतो. म्हणून सगळ्यात पहिलं काम: बिंज झालं तरी पुढचं खाणं ठरलेल्या वेळी आणि नेहमीएवढंच खायचं. भरपाई म्हणून कमी नाही, नुसत्या ज्यूसवर नाही, आणि दोन तास जास्त जिम करून तर अजिबात नाही. उलटं वाटतंय ना? वाटणारच, कारण आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलंय की बिंज हा आजार आणि डाएट हे औषध, आणि प्रत्यक्षात बऱ्याच जणांच्या बाबतीत डाएटच बिंजला खतपाणी घालत असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अ‍ॅन्सेल कीज या संशोधकाने ३६ धडधाकट तरुण घेतले (युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते) आणि त्यांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. यातल्या कोणालाही बारीक व्हायचं नव्हतं, कोणालाही खाण्याचा प्रॉब्लेम नव्हता. तरी थोड्याच काळात त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय काही राहिलं नाही, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, काही जणांनी तर नियम मोडून बाहेर जाऊन खाल्लं आणि नंतर अपराधी वाटून रडले. पुन्हा भरपूर अन्न मिळायला लागल्यावर त्यातले कित्येक जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी समाधान नाही. आणि गंमत अशी की उपासमारीच्या काळातही त्यांना ज्या कॅलरी मिळत होत्या त्या आज सर्रास वाटल्या जाणाऱ्या १,२०० कॅलरीच्या डाएट चार्टपेक्षा जास्तच होत्या. म्हणजे तुमची विलपॉवर कमी पडते वगैरे काही नाही, अर्धपोटी ठेवलेलं कुठलंही शरीर हेच करतं.

पोटाची भूक हा एक भाग झाला. दुसरा भाग डोक्यातल्या नियमांचा, आणि तो जास्त चिवट आहे. १९७५ सालचा एक प्रयोग आहे, हर्मन आणि मॅक यांचा. काही बायकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग "चव घेऊन मत सांगा" म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी डाएट करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे. ज्या कायम डाएटवर असायच्या त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. का, तर नियम मोडलाच आहे ना, मग आता काय फरक पडतो. एक बिस्किट खाल्लं म्हणून अख्खा पुडा संपतो तो याच हिशोबाने, त्यात बिस्किटाचा दोष नाही. आणि "चीट डे" (डाएटमधला हवं ते खायचा ठरवलेला दिवस) म्हणजे तरी काय, याच हिशोबाला कॅलेंडरवर दिलेली अधिकृत जागा.

आता करायचं काय ते. दिवसाला तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी, दोन खाण्यांमध्ये साधारण तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नको. बिंज ईटिंगसाठी जी सीबीटी थेरपी (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी) वापरतात, ऑक्सफर्डच्या ख्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली, तिचा पायाच हा आहे. सुरुवातीला भुकेवर विसंबू नका, घड्याळावर खा. "शरीराचं ऐका" हा सल्ला छान आहे पण ज्या शरीराला कित्येक वर्षं उपाशी नाहीतर तुडुंब एवढंच माहितीये त्याचे सिग्नल सध्या भरवशाचे नसतात, ते जाग्यावर यायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात सकाळी भूकच नसेल, रात्रीचं जड असेल, तरी थोडं का होईना खा. आणि काय खाताय याची चिंता सध्या बाजूला ठेवा, आधी वेळ बसू दे. एकदम सगळं जमत नसेल तर दिवसाच्या ज्या भागात सगळ्यात कमी गोंधळ असतो तिथून, बहुतेकांचा तो सकाळचा असतो, एकेक खाणं पक्कं करत पुढे सरका. आणि हो, १६ तास उपाशी राहायचं वगैरे जे फास्टिंगचं फॅड आहे ते दुसऱ्या कोणाला सूट होत असेल, या चक्रात असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांची भीती एकच: एवढ्या वेळा खाल्लं तर वजन वाढेल. पण दिवसभर वाचवलेलं सगळं, वर व्याजासकट, रात्री बिंजमध्ये जातच होतं की. तरी खोटं आश्वासन देणार नाही, बिंज बंद झालं म्हणून वजन उतरेलच असं नाही. काहींचं थोडं उतरतं, बऱ्याच जणांचं आहे तिथेच राहतं, काहींचं वाढतंही. म्हणून वजन कमी करायचा प्रोजेक्ट निदान काही महिने थांबवा, वजन उतरवणं आणि बिंज थांबवणं एकत्र चालत नाही, पहिलं दुसऱ्याला दर वेळी खाऊन टाकतं. वजनकाटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आणि तेही झेपत नसेल तर काटा घराबाहेर. रोज बघण्यात तसाही अर्थ नाही, शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेसोबत) जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं, त्यात मीठ, पाळी, बद्धकोष्ठता, यामुळे एका दिवसात काटा किलो-दीड किलो सहज हलतो आणि त्यात चरबी नावापुरतीही नसते. बिंजच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा तर बघूच नका.

एक नोंद ठेवा. कॅलरी लिहायच्या नाहीत, त्या अ‍ॅपला सुट्टी द्या. वेळ, काय खाल्लं, कुठे, हातातून सुटलं असं वाटलं का, आणि त्याआधी काय चाललं होतं, बस. रात्री आठवून लिहिण्यापेक्षा त्या त्या वेळी लिहा, फोनमध्ये चालेल. दोन आठवड्यांत पॅटर्न दिसायला लागतो आणि तो बहुतेक वेळा अगदीच साधा निघतो: ज्या दिवशी दुपारचं जेवण हुकलं, झोप कमी झाली, दारू घेतली, कोणाशी भांडण झालं, किंवा घरी पोचल्यावर दोन तास रिकामे आणि एकटे होते. मग उपाय पण तिथेच, दुपारच्या जेवणावर.

इच्छा उसळते तेव्हा तिच्याशी वाद घालू नका. ती चढते, वर जाते आणि तुम्ही काही केलं नाही तरी उतरते, बऱ्याच वेळा वीस-तीस मिनिटांत. तेवढा वेळ काढायचा. आधी बघा शेवटचं खाऊन किती वेळ झाला, चार तासांपेक्षा जास्त असेल तर ही बिंजची नाही, सरळ साधी भूक आहे, ताट वाढून घ्या आणि बसून खा. खाऊन झालेलं असेल तर घराबाहेर पडा, कोणाला तरी फोन लावा, अंघोळ करा, काहीही ज्यात हात गुंततील आणि किचन लांब राहील. टीव्हीसमोर बसणं यात धरू नका, त्यात हात मोकळेच असतात. आणि समजा नाही जमलं, तर मध्येच थांबता येतं हेही लक्षात असू द्या, अर्धं खाऊन उरलेलं ठेवून दिलं तर तो फेल नव्हे.

वेळा तीन-चार आठवडे बऱ्यापैकी बसल्या की मग बंदी घातलेल्या पदार्थांकडे वळायचं. आधी नाही, पोटात भूक असताना हा प्रयोग फसतोच. यादी करा, कमी भीतीचे वर, जास्त भीतीचे खाली. वरचा एक उचला, एकाच माणसाला पुरेल एवढा आणा, चांगला दिवस बघून, जेवण झाल्यावर, शक्यतो कोणासोबत, ताटलीत घेऊन बसून खा. पुन्हा दोन दिवसांनी तोच. परत तोच. तीच गोष्ट वारंवार, बिनधास्त मिळत गेली की तिचं अप्रूप ओसरतं, चवीतला तो करंट कमी होतो. मग पुढचा पदार्थ. याला महिने लागतात, घाई नको, आणि फॅमिली पॅक घरात भरून ठेवून स्वतःची परीक्षा बघायची तर मुळीच गरज नाही.

आता जरा सिरियस. बिंजनंतर उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर हे सगळं एकट्याने करत बसू नका, डॉक्टर गाठा. हिशोबाने सुद्धा ते फुकट आहे, उलटीने खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही आणि जुलाबाच्या गोळ्या मोठ्या आतड्यावर काम करतात, तोवर बहुतेक कॅलरी लहान आतड्यात शोषूनही झालेल्या असतात, जातं ते पाणी आणि क्षार. पोटॅशियम खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि त्याची बऱ्याचदा आधी कल्पना येत नाही. (उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, नुसत्या पाण्याने चूळ भरा, आम्लाने मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं.) चक्कर, छातीत धडधड, उलटीत रक्त, वजन खूपच कमी झालेलं, पाळी बंद, किंवा जगूच नये असे विचार, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. डायबेटिस असून इन्सुलिन चालू असेल तर खाण्याच्या वेळा बदलायच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

यातलं काही नसेल पण तीन महिने झाले, आठवड्यातून एकदा तरी असं खाणं होतंय जिथे कंट्रोल सुटतो, तरी ते दाखवण्यासारखं आहे. बिंज ईटिंग डिसऑर्डर हा २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन ग्रंथात) स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे, त्याला उपचार आहेत, थेरपी आहे, काहींना औषधं चालतात, आणि वजन कितीही असलं तरी तो होऊ शकतो. अडचण अशी की बरेच जण डॉक्टरकडे जातात आणि तिथे फक्त "वजन कमी करा" एवढंच सांगतात, हातात नवीन डाएट चार्ट पडतो आणि चक्र पुन्हा सुरू. म्हणून गेल्या गेल्या वजनाने सुरुवात करू नका. सरळ असं सांगा: "मला आठवड्यातून इतक्या वेळा खाणं थांबवता येत नाही, नंतर मी उपाशी राहते किंवा राहतो, मला यावर उपचार हवेत, डाएट नको." लाज वाटून तोंडातून शब्द फुटत नसेल तर फोनमधली ती दोन आठवड्यांची नोंद उघडून पुढे करा. आणि तरीही चार्टच मिळाला तर दुसरे डॉक्टर बघा, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ किंवा खाण्याच्या आजारांवर काम करणारा थेरपिस्ट.