तापून थंड झालेलं नावेचं इंजिन ओढत नाही? या चुका टाळा

गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात मासेमारीच्या नावांना मागून लावलेली आऊटबोर्ड इंजिनं एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. "भाऊ, एकदा गरम झालं होतं. थंड होऊ देलं, सुरू बी झालं. पण आता ओढत नाही जी." इंजिनासोबत एक पिशवीही येते. तिच्यात नवे स्पार्क प्लग, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं किट आणि कधीकधी ठिणगीची नवी कॉइलसुद्धा असते. एवढा खर्च झालेला असतो आणि इंजिन अजून कोणी मोजलेलंच नसतं.

इथे दोन प्रश्न आहेत. इंजिन तापलं कशानं? आणि तापल्यामुळे आत काय बिघडलं? पहिल्याचं उत्तर सापडलं की लोक थांबतात. ताकद मात्र दुसऱ्यामुळे गेलेली असते.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) न मोजता कार्ब्युरेटर उघडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. काल चांगलं चालणारं आणि तापल्यावर मेलेलं इंजिन असेल, तर कार्ब्युरेटरवर पहिला संशय कशाला? आधी सगळे प्लग काढा, त्यांच्या वायरी इंजिनाच्या बॉडीला जोडा म्हणजे ठिणगी पडणार नाही, थ्रॉटल (वेगाचा दांडा) पूर्ण उघडा, प्लगच्या भोकात दाब मोजणारं गेज लावा आणि त्याचा काटा थांबेपर्यंत इंजिनाची दोरी ओढा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवा. दोन सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर आतलं काम निघालंच समजा.

मग कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा अडकल्यात किंवा पिस्टन-सिलिंडर घासलेत. चढला नाही तर टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात त्या इंजिनात, मी आधी हेड गॅस्केट बघतो, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यातलं पॅकिंग. फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं असलेलं) असेल तर व्हॉल्व्हही. काढलेला प्लगही नीट बघा. त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय. ते इंजिन पुन्हा सुरूसुद्धा करू नका. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. तेवढाही धीर नसलेले नवे लोक त्याच इंजिनाला फुल थ्रॉटल देऊन "बघू, मोकळं होते का" म्हणतात. घासलेला पिस्टन असा मोकळा होत नाही. तो जाम होतो, आणि मग रिंगांच्या खर्चाऐवजी ब्लॉकचा खर्च येतो.

इम्पेलर बदलला, पण जुन्याच्या पाकळ्या कुठे गेल्या?

पवनी तालुक्यातल्या एका काकांचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन जलपर्णीत अडकून तापलं. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, त्यावर जलपर्णी माजते आणि गिअरकेसची, म्हणजे इंजिनाच्या पाण्यातल्या भागाची, थंड करायला पाणी ओढणारी जाळी बंद करते. एका कारागिरानं पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी पाकळ्यांचं चाक, बदलून दिला. मंद गतीवर इंजिनातून बाहेर येणारी पाण्याची धार छान पडायची. नाव भरून वेग दिला की इंजिन पुन्हा गरम. काकांनी दोन वेळा तसंच ओढत काठ गाठला आणि तिसऱ्या वेळी ताकदच गेली.

मोजलं तर वरचा सिलिंडर खालच्यापेक्षा खूपच कमी, आणि ऑइल टाकूनही आकडा हलला नाही. हेड उघडलं. गॅस्केट पाण्याच्या वाटेकडून जळालेलं. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवली तर हेडही वाकलेलं. पण मूळ कारण खाली होतं. पंपाकडून वर जाणारी नळी ब्लॉकला मिळते, त्या तोंडाशी जुन्या इम्पेलरच्या रबराच्या दोन पाकळ्या बसलेल्या. मंद गतीला लागणारं पाणी त्यांच्या बाजूनं जायचं, वेगाला लागणारं जात नव्हतं.

जुना इम्पेलर हातात आला की पाकळ्या मोजा. एक जरी कमी असेल तर ती सापडेपर्यंत पंप बंद करू नका. मी नळी काढून वरून खाली हवा मारतो आणि थर्मोस्टॅटच्या (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) जागेतून उलटं पाणी सोडतो. नवा इम्पेलर बसवताना साबणाचं पाणी लावतो, शाफ्ट चालण्याच्या दिशेनंच फिरवत दाबतो आणि पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे असतील तर तीही बदलतो. घासलेल्या भिंतीत नवं रबर घालणं म्हणजे पैसा पाण्यात.

बाकीच्या चुका

तापलेल्या ब्लॉकवर बादलीभर पाणी ओतू नका. धातू तडकतो, हेड वाकतं.

"दोनच मिनिटं" म्हणून अंगणात कोरडं इंजिन चालवू नका. पाण्याविना इम्पेलरचं रबर काही सेकंदांतच जळायला लागतं.

धार पडते म्हणजे कुलिंग ठीक, असं धरू नका. धारेवरून पंप चालतोय एवढंच कळतं. थर्मोस्टॅट बंदच अडकला असेल तर धार असूनही हेड तापतं. तो गंजात (पातेल्यात) पाणी तापवून थर्मामीटरनं तपासा. बहुतेक आऊटबोर्डमध्ये तो ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडू लागतो. काढून फेकण्याचा सल्ला ऐकू नका. इंजिन सतत थंड चालतं, काजळी धरते आणि फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

मॅन्युअलमध्ये पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मापानं घाला, अंदाजानं नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कॅनमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. नळी तळातून ओढते, म्हणजे टू-स्ट्रोकला ऑइलविना खाद्य जातं. जुना कॅन काचेच्या बाटलीत ओतून बघा, थर लगेच दिसतो.

इंजिन जोरात फिरतंय पण नाव सरकत नाही? मग नाव ढकलणाऱ्या पंख्याचा रबरी हब घसरतोय किंवा त्यात जाळ्याचा दोरा गुंडाळलाय. हेड उघडू नका.

नव्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांत तापल्यावर कॉम्प्युटर स्वतःच वेग कमी करतो. ती बिघाडाची खूण नाही, संरक्षण आहे. ते होऊ नये म्हणून सेन्सरची वायर काढून देणारे लोक आहेत, आणि तापल्याचा इशारा देणारा भोंगा त्रास देतो म्हणून त्याची वायर कापणारेही. अशी इंजिनं माझ्याकडे आली की मी वायर जोडल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नाही. भोंगा वाजला की लगेच गती उतरवा. धार पडत असेल तर मंदवर चालू ठेवा, पडत नसेल तर बंद करा, इंजिन वर उचलून जाळीतली जलपर्णी हातानं काढा. काठ दूर असला तरी वल्ही मारत या.