सर्व्हर बंद पडला की आधी एसईएल काढा

डेटा सेंटरच्या कामात नवीन असाल तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, सर्व्हर पडला की लगेच पार्ट बदलायला धावायचं नाही, आधी सिस्टिम इव्हेंट लॉग, म्हणजे आम्ही ज्याला एसईएल म्हणतो तो काढायचा. हा लॉग मदरबोर्डवरच्या बीएमसीकडे (सर्व्हरवर लक्ष ठेवणारा वेगळा छोटा कंट्रोलर) असतो आणि बीएमसी स्टँडबाय पॉवरवर चालते, त्यामुळे ओएस बूट होत नसली तरी नेटवर्कवरून तो वाचता येतो. आयपीएमआयटूल (बीएमसीशी बोलायचं कमांड-लाइन टूल) असेल तर लॉग काढताना लिस्टऐवजी ईलिस्ट ही कमांड वापरा, सेन्सरची नावं नीट दिसतात.

सुरुवातीला मी नुसती शेवटची ओळ वाचायचो. एकदा तिथे पॉवर सप्लाय २ ला एसी लॉस्ट दिसलं, मी सप्लाय बदलून मोकळा झालो आणि दोन दिवसांनी परत तीच नोंद. मग सीनियरने शेजारच्या सर्व्हरचा लॉग उघडायला लावला, तर तिथेही त्याच मिनिटाला तेच! बिघाड पीडीयूत, म्हणजे रॅकमधल्या सर्व्हरना वीज वाटणाऱ्या युनिटमध्ये होता. एसी लॉस्टचा अर्थ सप्लायला इनपुट मिळालं नाही एवढाच, सप्लाय खराब आहे असं ती नोंद म्हणतच नाही.

वेळ पण तपासा. बीएमसीचं घड्याळ बरेचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, नाहीतर चुकलेलं असतं, ओएसच्या लॉगशी जुळवण्याआधी किती फरक आहे ते लिहून ठेवा. असर्टेड म्हणजे ती स्थिती सुरू झाली, डीअसर्टेड म्हणजे ती गेली, दुसरीला नवा फॉल्ट समजू नका.

मेमरीचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथेच जास्त घोळ होतो. करेक्टेबल ईसीसी, म्हणजे आपोआप दुरुस्त झालेली मेमरी एरर, एखादी आली तर लक्ष ठेवा, पण एकाच डिमवर (मेमरीच्या पट्टीवर) सारखी यायला लागली किंवा अनकरेक्टेबल आली तर डाउनटाइम मागा. तो डिम दुसऱ्या स्लॉटमधल्या तशाच डिमशी बदलून बघा, एरर डिमबरोबर गेली तर डिम खराब, जुन्याच स्लॉटवर राहिली तर सॉकेटच्या पिना, सीपीयू, बोर्ड असं बघत जा.

आणि क्लिअर करण्याआधी लॉग फाइलमध्ये सेव्ह कराच, नावात सीरियल नंबर आणि तारीख टाका. व्हेंडरचा सपोर्ट सगळ्यात आधी तोच मागतो, आणि क्लिअर केलेला बीएमसीतून परत काढता येत नाही.