अणुचाचणीच्या बेटावर पुन्हा वस्ती करायची? किरणोत्सार मोजताना या चुका टाळा

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांतल्या बिकिनीवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात २३ अणुचाचण्या केल्या. १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बेट राहण्याजोगे असल्याचे जाहीर केले. १९७० च्या दशकात काही कुटुंबे परतली आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढावे लागले. मोजणी झाली होती. घोटाळा झाला तो नेमके काय मोजायचे यात.

फक्त जमिनीवरून फिरून मोजणे

बिकिनीत शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचा मोठा भाग ताटातून येतो. आपल्याकडच्या चिकणमातीत सीझियम-१३७ (अणुस्फोटातून उरणारे किरणोत्सारी द्रव्य) घट्ट अडकून बसते. प्रवाळाच्या चुनखडी मातीत चिकणमातीही नाही आणि पोटॅशही जेमतेम. मग झाडे पोटॅशच्या जागी त्याच्यासारखेच वागणारे सीझियम ओढून घेतात आणि ते नारळात, केवड्याच्या जातीतल्या फळांत, नीरफणसात उतरते. म्हणून मातीबरोबर शहाळ्याचे पाणी आणि खोबरेही प्रयोगशाळेत गेलेच पाहिजे.

कागदावरचा आहार खरा मानणे

‘लोक बाहेरून आलेला तांदूळ आणि डबाबंद अन्न खातील’ हे गृहीत सोयीचे असते. जहाजाला उशीर झाला की माणूस समोरच्या माडाकडेच बघणार! आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९८ च्या अहवालात स्थानिक अन्नच खाल्ल्यास वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक) मात्रा मिळेल, असे मांडले. नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी आहे वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट.

नुसत्या अर्धायुष्यावर हिशेब करणे

सीझियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, ३० वर्षे. पण पावसाने ते खाली झिरपते, त्यामुळे झाडांतले प्रमाण त्याहून बरेच लवकर घटते. प्लुटोनियमचे उलटे आहे: अर्धायुष्य २४ हजार वर्षे, झाडांत फारसे शिरत नाही, गॅमा किरण मोजणाऱ्या मापकाला जवळपास दिसत नाही. त्याची भीती धुळीतून, श्वासावाटे. त्याचे नमुने वेगळेच घ्यावे लागतात.

सगळी वरची माती खरवडणे

सीझियम जाते, पण बेटावरची होती नव्हती तेवढी सुपीक मातीही जाते. त्याऐवजी घरांभोवतीचीच माती काढावी आणि बाकी बेटावर पोटॅश खत टाकावे, असा सल्ला १९९८ च्या त्याच अहवालात आहे. प्रयोगांत पोटॅशने नारळातले सीझियम दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याखाली आले. तरी नारळ वरचेवर तपासावे लागतात.

लोक परतले की मोजणी थांबवणे

१९७८ चा निर्णय रहिवाशांच्या शरीरातले सीझियम वाढल्याचे पूर्ण-शरीर मापकाने दाखवल्यावर झाला. असा मापक पहिल्या कुटुंबाबरोबरच बेटावर पोहोचायला हवा.