दगडी कमानीच्या पुलाची पाहणी शिकताना

नवखा माणूस पुलाखाली गेला की मान वर करून कमान न्याहाळतो. आमचं सांगणं असं की पहिला अर्धा दिवस पायाला द्या. महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्यांसकट. कमान दाबावर उभी असते आणि दाब दगडाला शंभर वर्षंही जड जात नाही. पण खांब थोडा जरी खचला, तरी तिचा तोल जातो.

पुराचं पाणी खांबाच्या बुडाशी, बहुधा प्रवाह येतो त्या बाजूच्या टोकाशी, खड्डा करतं. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ बसतो आणि नदीचा तळ सपाट, शहाणासुरता दिसतो. म्हणून लोखंडी कांब खुपसून बघा. सरसर आत गेली तर तो नवा गाळ. मूळ तळ ठणकन लागतो. कठड्यावर एक कायमची खूण करा, प्रत्येक खांबाच्या चारी बाजूंची खोली तिथूनच मोजा आणि दर पावसाळ्यानंतर मागच्या आकड्याशी ताडून पाहा.

मग तडे. कमानीच्या माथ्याशी रस्त्याला आडवा तडा असेल, तर टोकाचे आधार बाहेर सरकल्याचा संशय घ्या. कमानीवरच्या, पुलाच्या कडेच्या दर्शनी भिंतीलगत पुलाच्या लांबीने तडा गेला असेल, तर आतला भराव भिंतीला बाहेर ढकलतोय. डांबराचे थर चढत जातात, निचऱ्याची भोकं बुजतात, भराव पाणी धरतो. कारण बहुतेकदा हेच. तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख लिहा. काच फुटली तर तडा अजून चालतोय.

सर्वांत जास्त वाईट वाटतं ते दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरलेले पाहून. ओल बाहेर पडत नाही, आतला चुना धुपत राहतो, आणि जांभ्याच्या तर कडाच झडतात. जुना माल छिन्नीने काढा, कटर लावू नका. खोली सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट हवी. सांधा धुऊन ओला करा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा माल थराथरांनी दाबून भरा, वर गोणपाट टाकून आठवडाभर तरी ओलं ठेवा. पिंपळाचं रोप उपटू नका, मुळाबरोबर दगडही हलतो. बुंधा कापून मूळ मारायचं.

पुलाला संरक्षण आहे का, हेही पहिल्याच दिवशी शोधा. केंद्राची यादी, राज्याची यादी आणि महापालिकेची वारसा यादी या तीन वेगळ्या आहेत. जुना म्हणून पूल आपोआप रक्षित होत नाही. उलट शेजारी केंद्राची रक्षित वास्तू असेल, तर तिच्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण असतं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल ब्रह्मपुरी टेकडीमुळे असाच बराच काळ अडला होता. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर पुलाची यादीतली नोंद आणि जवळच्या रक्षित वास्तूपासूनचं मोजलेलं अंतर लिहा.