घरच्या पाण्याचा खरा खर्च कसा काढावा

पाणी परवडते की नाही, हे केवळ पाणीपट्टीवरून कळत नाही. शहरातील अनेक घरांत पाण्याचे पैसे तीन-चार वाटांनी जातात: पाणीपट्टी सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये मिसळलेली असते, टँकरची वर्गणी निराळी निघते, पिण्याच्या जारचे पैसे रोख दिले जातात आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणाऱ्या मोटरचे वीजबिल तर कोणी पाण्याच्या खात्यात धरतच नाही. म्हणून एका महिन्याचा, शक्यतो मे महिन्याचा, हा सगळा खर्च एका कागदावर मांडावा.

मग प्रत्येक पाण्याचा हजार लिटरमागचा दर काढावा. समजा, १०,००० लिटरचा टँकर १,२०० रुपयांना पडला, तर हा दर १२० रुपये झाला. २० लिटरचा जार ४० रुपयांना घेतला, तर तोच दर २,००० रुपये होतो. एकूण खर्च मासिक उत्पन्नाच्या किती टक्के आहे, हेही पाहावे. सुमारे ३ टक्क्यांची मर्यादा जगभर अनेकदा वापरली जाते. महिना १५,००० रुपयांत भागवणाऱ्या कुटुंबासाठी ती ४५० रुपये होते, आणि दहा जारांतच त्यातले ४०० संपतात. पाण्यासाठी थांबल्यामुळे बुडालेली मजुरी या हिशेबात कुठेच दिसत नाही. माझ्या मते तीही मांडावी.

घरात मीटर असेल, तर रात्री सर्व नळ बंद करून आकडा टिपून ठेवावा. सकाळी पाणी वापरण्यापूर्वी तो पुढे सरकलेला दिसला, तर गळती आहे असे समजावे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबावे. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर वायसर बदलण्याची वेळ झाली आहे.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टीची वाटणी सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांवरून होते, प्रत्यक्ष वापरावरून नव्हे; त्यामुळे एकट्याने केलेली काटकसर स्वतःच्या बिलात उतरत नाही. सोसायटीने पैसे वाचवायचे, तर सुरुवात टँकरपासून करावी.

टँकर रिकामा करण्यापूर्वी पालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आणि मोटर बंद ठेवून जमिनीखालच्या टाकीतील पाण्याची उंची काठीने मोजावी आणि नंतर पुन्हा मोजावी. टाकी ४ मीटर लांब व अडीच मीटर रुंद असेल, तर १०,००० लिटरने पाणी बरोबर १ मीटर चढले पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा मोजले, तेव्हा खूण ८५ सेंटिमीटरवर थांबली होती. अशा वेळी पाणी ८,५०० लिटरच मिळालेले असते आणि १२० रुपयांचा दर १४१ रुपयांवर जातो. ही मोजणी चालकासमोर करावी, दोन्ही आकडे पावतीवर लिहून त्याची सही घ्यावी आणि पैसे त्यानंतरच द्यावेत.